सीआर झाले आणि दोन्हीकडून गेले

पत्र बरंच मोठं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात सांगते. सोलापुरातल्या एका कॉलेजात बीएस्सी सेकंड इयरला असलेली मुलगी, वर्गात ८४ जण. फर्स्ट इयरला मार्क चांगले पडले म्हणून यंदा विभागप्रमुख सरांनी पहिल्याच आठवड्यात वर्गात येऊन "ही तुमची सीआर", म्हणजे वर्गप्रतिनिधी, असं जाहीर करून टाकलं, हिला कुणी विचारलं नाही आणि वर्गालाही नाही. सप्टेंबरात इंटर्नल टेस्ट सकाळी ८ ला लागल्या. अक्कलकोट, मोहोळकडून एसटीनं येणारे साडेआठच्या आत पोचत नाहीत म्हणून ही एकटी विभागप्रमुखांकडे गेली, तर ते म्हणाले, "तू सीआर आहेस का युनियन लीडर?" त्याच रात्री वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकानं सरांबद्दल घाण भाषेत लिहिलं, दोघातिघांनी खाली हसायचे इमोजी टाकले, आणि सकाळपर्यंत ते सरांच्या कानावर गेलं. आता सर म्हणतात सोमवारपर्यंत स्क्रीनशॉट आणून दे. वर्ग म्हणतो हिनंच सांगितलं, "ती सरांची माणूस हाय बे, तिच्यासमोर बोलू नका." ग्रुपचं नाव कुणीतरी 'सीआर मॅडमचा दरबार' करून ठेवलंय. आई म्हणते सोड ते, अभ्यास कर. प्रश्न दोन आहेत, स्क्रीनशॉट द्यायचे का आणि सीआरपद सोडायचं का. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ, "प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्याच हातात आहेत."

अगं, स्क्रीनशॉट देऊ नकोस. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझा सोमवार जवळ आलाय आणि बाकीचं निवांत वाचलंस तरी चालेल.

पण नुसतं "नाही देणार" म्हणून आलीस तर सरांना वाटणार तू त्या मुलाला पाठीशी घालतेयस, आणि सरांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. वर्गातल्या पोरानं आपल्याला शिवी घातली हे कळल्यावर कुणालाही लागतंच ना, वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला तर जास्तच. म्हणून पहिलं वाक्य तेच बोल. "सर, जे लिहिलं गेलं ते चुकीचंच होतं, मला पण ते आवडलं नाही." मग थांब. मग म्हण, "ग्रुपवर मी हे सांगणार आहे की असलं चालणार नाही, आणि ज्यानं लिहिलंय त्यानं स्वतः येऊन तुम्हाला भेटावं असंही सांगणार आहे. पण सर, मी नावं दिली तर यापुढं वर्गात काय चाललंय हे मला कुणी सांगणार नाही, आणि मग मी तुमच्याही उपयोगाची राहणार नाही." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण ते खरं आहे. सर चिडतील, चिडू देत. बहुतेक मास्तर लोक दोन दिवसांनी शांत होतात, आणि जे होत नाहीत त्यांच्याबद्दल पुढं बोलते.

आणि ग्रुपवर खरंच सांग. तिथं गप्प बसून सरांसमोर मोठी वाक्यं बोललीस तर काही उपयोग नाही.

याला अपवाद आहेत आणि ते तुला, तुझ्यासारख्या इतर सीआरना पण, नीट माहीत पाहिजेत. कुणी कुणाला धमकी दिली, कुणाच्या जातीवरून लिहिलं, ज्युनिअरचं रॅगिंग चाललंय, एखाद्या मुलीचा फोटो फिरवतायत, तर तिथं "वर्गाचा विश्वास" वगैरे काही नाही. ते स्क्रीनशॉट जपून ठेवायचे आणि योग्य ठिकाणी द्यायचे. योग्य ठिकाण म्हणजे रॅगिंगसाठी कॉलेजची अँटी रॅगिंग समिती किंवा १८०० १८० ५५२२ ही हेल्पलाइन, आणि मुलींच्या छळासाठी अंतर्गत तक्रार समिती, जी प्रत्येक कॉलेजात असायलाच लागते. असल्या प्रकरणात सीआरनं मध्ये पडून "आपसात मिटवू" करायचं नाही. मिटवामिटवी करणारे सीआर मी बघितलेत, त्यात नेहमी जिच्यावर बेतलंय तिचंच तोंड बंद होतं.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुझ्या पत्रात "सगळा वर्ग" हा शब्द सहा वेळा आलाय, मी मोजले. सगळा वर्ग नाराज आहे, सगळ्या वर्गाचं म्हणणं आहे, सगळा वर्ग माझ्याशी बोलत नाही. खरंच ८४ जण? ग्रुपवर बोलणारे साधारण दहाबारा असतात गं, कुठल्याही ग्रुपवर. उरलेले बघून सोडतात. काहींच्या घरी फोन एकच असतो तो वडलांकडे कारखान्यावर असतो, रात्री आठनंतर हातात येतो आणि तोपर्यंत २०० मेसेज पडलेले असतात. आणि आपल्या सोलापुरात अजून एक भानगड आहे जी पुण्यामुंबईच्या सीआरला कळायची नाही. वर्गात मराठी बोलतात सगळेच, पण मागच्या बाकावर तेलुगू चालू असतं, खिडकीकडं कन्नड, आणि कँटीनमध्ये दखनी. तू सरांची इंग्रजी नोटीस जशीच्या तशी फॉरवर्ड करतेस आणि तुला वाटतं सांगून झालं. नाही झालं. ओपन इलेक्टिव्ह कुठला घ्यायचा, व्हीएससी काय, एसईसी काय, एईसी काय, हे नवीन शैक्षणिक धोरणाचे शब्द मला तरी पहिल्यांदा वाचून डोक्यावरून गेले होते. दोन ओळी साध्या मराठीत लिहून टाकत जा, आणि एक कन्नडवाली एक तेलुगूवाला शोध जे आपापल्या लोकांना तोंडी सांगतील. ते दोघं तुझे खरे डेप्युटी.

तर तुझी पहिली चूक, आणि ही चूक तुझी एकटीची नाही, की तू "वर्गाचं म्हणणं" घेऊन गेलीस पण वर्गाला मोजलंच नव्हतंस.

दुसरी गोष्ट, वर्ग तुला सरांची माणूस का म्हणतो? स्क्रीनशॉटमुळं नाही. ते त्याच्या खूप आधीचं आहे. तुला सरांनी नेमलं, वर्गानं निवडलं नाही, एवढं साधं आहे. टॉपरला सीआर करायची ही पद्धत आली कुठून माहितेय का? महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं असं केलं की आदल्या वर्षी मार्क चांगले असलेल्या विद्यार्थ्याला प्राचार्यांनी वर्गप्रतिनिधी म्हणून घ्यायचं. मी पण तशीच झाले होते, मला भाषण करताना घाम फुटायचा पण मार्क होते ना. पुढं २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला, त्याच्या कलम ९९ मध्ये विद्यार्थी परिषद आहे आणि त्यात प्रत्येक वर्गाचा एक निवडून आलेला प्रतिनिधी असं म्हटलंय. पण कागदावर कायदा बदलला तरी स्टाफरूममधली सवय तशीच राहिली, रोल नंबर लिस्ट बघायची, वरचं नाव उचलायचं, झाली सीआर. यात सरांचा काही डाव असतो असं नाही, त्यांना खडू-डस्टर आणि मस्टर सांभाळणारं, निरोप देणारं कुणीतरी पाहिजे असतं आणि हुशार पोरगी म्हणजे जबाबदार असं ते धरून चालतात.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की आत्ता सोडू नकोस, पण वर्गाला विचार. एखादा ऑफ तास बघ, वहीची पानं फाडून चिठ्ठ्या कर, आणि सांग की मला सरांनी नेमलंय, तुम्ही नाही, तर आता तुम्ही सांगा मी राहू का दुसरं कुणी पाहिजे. चिठ्ठीवर नाव लिहायचं, आपलं नाही, ज्याला सीआर करायचंय त्याचं. मोजायला तुझ्यावर सगळ्यात जास्त चिडलेल्यालाच बसव. निवडून आलीस तर दरबार वगैरे बोलणाऱ्यांचं तोंड तिथंच बंद होतं. नाही आलीस तर सरांना जाऊन सांगायचं की वर्गाला अमका पाहिजे, आणि तुझी आई म्हणते तसं अभ्यासाला लागायचं, त्यात हरणं वगैरे काही नाही. आत्ता रागात सोडलंस तर मात्र दोन्हीकडं एकच अर्थ निघेल, की हिनंच केलं होतं म्हणून पळाली.

आणि एकटीनं करू नकोस हे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघितलायस ना, काठी एका वेळी एकाच्याच कमरेला असते, पण आजूबाजूला सांभाळणारे किती असतात, दमला की घेणारा दुसरा तयार असतो, आणि हे सगळे यात्रेच्या आधी किती दिवस सराव करतात. तू सराव न करता, आजूबाजूला कुणी नसताना, थेट केबिनमध्ये उचलून गेलीस. एक मुलगा, एक मुलगी, त्यातलं एकजण बाहेरगावाहून येणारं, असे दोघं सोबत घे. यापुढं सरांच्या केबिनमध्ये तिघांनीच जायचं, कायम.

आता सकाळी ८ च्या टेस्टचं. तू गेलीस आणि म्हणालीस "सर ८ वाजता जमत नाही". सरांना काय ऐकू आलं? पोरं उठायला आळशी आहेत. तू विचारलंस का की ८ च का? नाही विचारलंस, कारण तू धरून चाललीस की सरांना आपली पर्वा नाही. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत एकाच इमारतीत ज्युनिअर आणि सिनिअर दोन्ही भरतात, अकराला ज्युनिअरची पोरं आली की ८४ जणांना बसवायला हॉलच मिळत नाही, आणि अर्धे शिक्षक तासिका तत्त्वावर, ते दुपारी दुसऱ्या कॉलेजला पळतात. कदाचित ८ हे सरांच्या हातातच नसेल. कदाचित असेलही. पण आधी विचारायचं.

मग एक कागद फिरव. वरती चार रकाने आखायचे, रोल नंबर, गाव, गाडी सुटायची वेळ, कॉलेजात पोचायची वेळ. बस एवढंच, कुणाचं मत मागायचं नाही. अक्कलकोट ४० किलोमीटर, पहिली सोयीची गाडी किती वाजता, स्टँडवर उतरून पुढं रिक्षा का चालत, सगळं तिथंच दिसतं. समजा त्यातून निघालं की १९ जण साडेआठच्या आत येऊच शकत नाहीत, तर आता तुझ्या हातात आकडा आहे. आणि निघालं की असे चौघंच आहेत, तर मग वेळ बदलायची मागणीच करू नकोस, त्या चौघांसाठी पाऊण तास उशिरा बसायची किंवा वेगळ्या बॅचची परवानगी माग. कागद फिरवल्यावर मागणी छोटी होते बऱ्याचदा, आणि छोटी मागणी मान्य होते. आषाढीला एसटीच्या गाड्या पंढरपूरकडं लागतात आणि गावाकडच्या फेऱ्या बुडतात, तेव्हाही हाच कागद उपयोगी पडेल, नवीन करायला नको.

मग अर्ज. अर्ज म्हटलं की पोरं "आम्ही सर्व विद्यार्थी अत्यंत नम्रपणे" पासून सुरू करून अर्धं पान तिथंच घालवतात. एवढंच लिही:

"मा. विभागप्रमुख यांस, विषय: अंतर्गत परीक्षेच्या वेळेबाबत. महोदय, बीएस्सी भाग २ च्या वर्गात ८४ विद्यार्थी आहेत. त्यापैकी १९ जण बाहेरगावाहून एसटीने येतात व उपलब्ध गाड्यांमुळे सकाळी ८.३० पूर्वी पोचू शकत नाहीत. गाव व वेळेची यादी सोबत जोडली आहे. या विद्यार्थ्यांसाठी परीक्षा ८.४५ ला सुरू करावी अथवा वेगळी बॅच द्यावी, ही विनंती. दोन्ही शक्य नसल्यास आपण सुचवाल तो पर्याय आम्ही वर्गाला कळवू."

शेवटचं वाक्य काढू नकोस. त्या वाक्यामुळं युनियन लीडरचा विषय संपतो, कारण तू उत्तर घेऊन परत वर्गाकडं जाणार आहेस हे त्यात दिसतं. खाली तिघांच्या सह्या. दोन प्रती काढायच्या, एक ऑफिसला द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. ऑफिसमधले म्हणतील "ठेवा, बघतो", तर हसून उभं राहायचं, शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही. आणि सर जे काही म्हणतील, हो किंवा नाही, ते त्याच दिवशी ग्रुपवर त्यांच्याच शब्दांत टाकायचं, त्यात आपलं मीठमसाला नको. "सर नाही म्हणाले, हॉल रिकामा नाही म्हणून." एवढंच. सीआरचं निम्मं काम जाताना असतं आणि निम्मं परत येताना, आणि ते परत येतानाचं बहुतेक जण करतच नाहीत, म्हणून वर्गाला वाटतं ही आत जाऊन चहा पिऊन आली.

मार्कांची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, इंटर्नल आणि प्रॅक्टिकलचे मार्क हातात असणारा माणूस चिडला तर काय होऊ शकतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. पण भीतीवर दोन गोष्टी करता येतात. एक, तुझं जर्नल दर आठवड्याला पूर्ण करून सही घेत जा, हजेरी सोडू नकोस, टेस्टचा पेपर तपासून आला की बघायला माग, सगळेच मागतात तसा. कागद नीट असलेल्या पोरीचे मार्क कापणं अवघड असतं. दोन, खरंच अन्याय झाला तर यूजीसीचे २०२३ चे तक्रार निवारणाचे नियम आहेत, त्याप्रमाणं विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिच्यात विद्यार्थ्यांचा पण एक प्रतिनिधी बसतो, तक्रार आल्यापासून कामाच्या १५ दिवसांत तिनं अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडं १५ दिवसांत अपील करता येतं. तुझ्यासाठी विद्यापीठ म्हणजे इथलं केगाव, रिक्षानं जाशील. २००४ च्या आधी आमचं विद्यापीठ कोल्हापूर होतं, एक मार्कशीट दुरुस्त करायची तरी डबा बांधून रात्रीची गाडी धरायची. पण हे सगळं शेवटचं हत्यार आहे, सोमवारी केबिनमध्ये जाऊन नियमांचे आकडे ऐकवू नकोस, उगाच.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण सांगते, कारण मी तिथंच तोंडावर पडले होते. पैसे. आमच्या वेळी एका मॅडमच्या नोट्सची झेरॉक्स वर्गासाठी काढायची होती, डोक्यामागं १२ रुपये. मी गोळा केले, काहींनी १० दिले आणि दोन नंतर म्हणाले, काहींनी २० दिले आणि सुट्टे नंतर घेतो म्हणाले, मी सगळं डोक्यात ठेवलं कारण मार्क होते ना मला, लक्षात राहील असं वाटलं. शेवटी झेरॉक्सवाल्याकडं ४६ रुपये कमी पडले. मी घरून मागायची लाज वाटून आठवडाभर चहा बंद करून ते भरले, आणि तरी डिग्री होईपर्यंत एक मुलगा मला बघून "झेरॉक्स, झेरॉक्स" म्हणायचा. आत्ता फोनपे आहे म्हणून तुम्हाला वाटतं हिशोब आपोआप राहतो. राहत नाही, कारण ते पैसे तुझ्या खात्यात येतात, तुझ्या आईच्या रिचार्जमध्ये मिसळतात आणि महिन्यानं कुणी विचारलं की तुला सांगता येत नाही. शिक्षकदिनाचा केक, फ्रेशर्स, सहल, कशालाही सीआरनं पैसे हातात घेऊ नयेत. दुसऱ्या कुणालातरी खजिनदार कर, आणि हिशोबाच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायला लाव.

तसंच हजेरी. सर कधीकधी मस्टर सीआरच्या हातात देऊन जातात, आणि मग मैत्रिणी म्हणतात "माझी लाव ना". ७५ टक्क्यांच्या खाली गेलेल्यांची यादी लागली की तीच मैत्रीण सरांसमोर सांगणार की सीआरनं लावली होती. नम्रपणे म्हणायचं, सर हजेरी तुम्हीच घ्या.

त्या शिवी घातलेल्या मुलाचं राहिलं. त्याला वेगळं मेसेज कर, ग्रुपवर नको. म्हण, मी तुझं नाव दिलेलं नाही आणि देणार नाही, पण सरांना आधीच कुठूनतरी कळलंय, तू स्वतः जाऊन सॉरी म्हणालास तर तुझ्यासाठी बरं. तो गेला तर चांगलं. नाही गेला तरी तुझं काम झालं. ते सरांपर्यंत कुणी पोचवलं हे शोधत बसू नकोस, ८४ जणांच्या ग्रुपवर टाकलेली गोष्ट आणि पार्क चौकात माईकवर बोललेली गोष्ट सारखीच.

राहिलं ते ग्रुपचं नाव. काही करू नकोस, तसंच राहू दे. चिठ्ठ्यांचा तास आधी घे, मग तो चार रकान्यांचा कागद फिरव, आणि अर्जाच्या झेरॉक्सचे जे चार रुपये होतील ते स्वतःच्या पर्समधून घालू नकोस, खजिनदाराकडून घे आणि त्याच्या वहीत लिहायला लाव.